दहा अब्ज कवड्यांचा हिशेब

एकावर दहा शून्यं. १०,००,००,००,०००. इ.स. १७०० ते १७९० या नव्वद वर्षांत डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर साधारण इतक्या कवड्या उतरवल्या. यान होगेनडॉर्न आणि मॅरियन जॉन्सन या अभ्यासकांनी जुन्या व्यापारी नोंदी धुंडाळून १९८६ साली हा हिशेब पुस्तकरूपानं मांडला. कवड्या जहाजावर चढायच्या त्या वजनानं, म्हणून मूळ आकडा टनांत आहे: अकरा हजार चारशे टनांच्या थोडा वर. मालदीवची एक कवडी सरासरी १.१५ ग्रॅमची. भागाकार केला की दहा अब्ज, म्हणजे एक हजार कोटी.

हा आकडा वाचून होतो, पण डोक्यात शिरत नाही. तो थोडा फोडून पाहू. सेकंदाला एक या वेगानं, झोप नाही, जेवण नाही, सणवार नाही, असं मोजत राहिलं तर एक कोटी कवड्या मोजायला ११६ दिवस लागतात. हजार कोटींना ३१७ वर्षं. १७०० साली मोजायला बसलेला माणूस २०१७ च्या सुमारास उठला असता. दीड सेंटीमीटरची एक कवडी धरून सगळ्या एका ओळीत मांडल्या तर दीड लाख किलोमीटर होतात, म्हणजे विषुववृत्तावरून पृथ्वीला पावणेचार फेऱ्या. आणि या कवड्या ज्या मालदीवमधून निघाल्या, त्या सगळ्या बेटांची मिळून जमीन आहे जेमतेम ३०० चौरस किलोमीटर. सगळा माल तिथेच पसरला असता तर दर चौरस मीटरला ३३ कवड्या पडल्या असत्या.

हे झालं फक्त दोन देशांच्या व्यापाऱ्यांचं, एका दिशेचं आणि एका शतकाचं. मालदीवच्या कवड्या बंगालकडे त्याआधी कित्येक शतकं जात होत्या आणि नंतरही जात राहिल्या.

समुद्रापासून तीनशे किलोमीटर

हा हिशेब पैठण तालुक्यातल्या पाचोडला बसून मांडण्याला कारण आहे. पाचोड धुळे-सोलापूर महामार्गावरचं गाव. बाजारपेठ मोसंबीची. इथून समुद्र सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास आणि मालदीवची राजधानी माले सतराशे. पायाखालचा दगड लाव्हाचा, नदी गोदावरी. खाऱ्या पाण्याशी गावाचा काही संबंध नाही. तरीही कवडी इथे घरोघर ओळखीची आहे. याच रस्त्यानं दक्षिणेला दोनशे किलोमीटर गेलं की तुळजापूर येतं. भवानीचे आराधी आणि गोंधळी कवड्यांच्या माळा गळ्यात घालतात, जोगव्याच्या परडीशी कवडी असते, पोळ्याला बैलाच्या गळ्यात कवड्यांचे पट्टे चढतात, लमाण तांड्यावरच्या बायकांच्या कशिद्यात कवड्या टाकलेल्या असतात. भाव पडले की मोसंबी कवडीमोल गेली असं बातमीदार लिहितो आणि ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

समुद्र न पाहिलेल्या मुलखात एका समुद्री गोगलगायीला इतका मान कसा मिळाला? खरं तर समुद्र दूर होता म्हणूनच मिळाला. कवडीचा सगळा इतिहास अंतराचा आणि संख्येचा आहे. अंतरानं तिचं मोल वाढवलं, संख्येनं ते खाल्लं.

आत राहणारा जीव

कवडी म्हणजे एका गोगलगायीचं कवच. लिनिअसनं १७५८ साली या प्राण्याचं नाव ठेवताना त्यात ‘मोनेटा’, म्हणजे लॅटिनमधलं नाणं, घातलं. आज शास्त्रीय नाव ‘मोनेटारिया मोनेटा’ आहे. कवड्यांच्या कुळात आज सुमारे अडीचशे प्रजाती जिवंत आहेत. त्यातली ही एक, आकारानं लहान, दिसायला साधी, फिकट पिवळी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकमधल्या दूरच्या बेटांपर्यंत उथळ पाण्यात, प्रवाळाच्या आणि खडकांच्या आडोशाला ती राहते. दिवसा लपते, रात्री शेवाळ खरवडते.

हिच्या कवचावर पॉलिश कुणी करत नाही, ते जन्मजात असतं. जिवंत कवडी आपल्या अंगाची मऊ घडी दोन्ही बाजूंनी बाहेर काढून कवचावर पांघरते. त्या घडीतूनच कवचावर नवे थर चढतात, शिवाय त्याला वाळूचे ओरखडे लागत नाहीत आणि त्यावर शेवाळ धरत नाही. लहानपणी कवच पातळ असतं, पीळ उघडा दिसतो. वयात आली की कवचाची कड आत वळते, तिच्यावर दातरे उमटतात, कवच जाड होत जातं आणि लांबी वाढायची थांबते. म्हणून प्रौढ कवड्या आकारानं आणि वजनानं बऱ्याच सारख्या निघतात.

पैसा व्हायला याहून काय हवं? सारखी, टणक, गुळगुळीत, न गंजणारी, न कुजणारी, उंदीर-वाळवी न लागणारी. आणि बनावट करणं परवडू नये इतकी स्वस्त. धातूच्या नाण्यात भेसळ करता येते, कडा खरवडता येतात. कवडीत यातलं काहीच चालत नाही.

ही गोष्ट माणसाच्या फार लवकर लक्षात आली. चीनमधल्या आनयांग इथे १९७६ साली फू हाओ या राणीचं थडगं उघडलं, इसवीसनापूर्वी सुमारे १२०० चं. तिच्यासोबत सहा हजार आठशेहून अधिक कवड्या पुरल्या होत्या, आणि आनयांग उष्ण समुद्रापासून फार दूर आहे.

चिक्कूनं दिलेली भीक

कवडीचं हिशेबातलं स्थान पाहायला पाचोडहून लांब जायला नको. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ चा. चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यानं तिथे मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दानं दिली. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला.

त्या ग्रंथांतला मुलांच्या हाती सगळ्यात आधी पडणारा म्हणजे ‘लीलावती’, इ.स. ११५० च्या सुमाराचा. त्याच्या सुरुवातीलाच मापांची कोष्टकं येतात आणि पैशाच्या कोष्टकाचा पाया आहे वराटक, म्हणजे कवडी. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म, १६ द्रम्मांचा एक निष्क. गुणाकार केला तर एका पणाला ८० कवड्या, द्रम्माला १,२८० आणि निष्काला २०,४८०. वजनात निष्क म्हणजे साडेतेवीस किलो कवड्या.

पुढे अपूर्णांकांच्या प्रकरणात भास्कराचार्य एका चिक्कू माणसाची गाठ घालून देतात. त्यानं याचकाला काय दिलं? द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या पाऊण भागाचा पाचवा हिस्सा, त्याचा सोळावा, त्याचा पाव. किती कवड्या दिल्या ते सांगा. गुणत गेलं की उत्तर येतं द्रम्माचा १,२८० वा भाग. अर्थात एक कवडी! इतकी लांबलचक अपूर्णांकांची साखळी ओढायची आणि शेवटी पदरात काय, तर हिशेबात असू शकेल ती सगळ्यात लहान रक्कम. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या गणिताच्या पुस्तकातला हा विनोद आजही लागू पडतो. पण त्यासाठी विद्यार्थ्याला एक गोष्ट आधीच ठाऊक असावी लागते: कवडीच्या खाली काही नाही.

आता हे ८० आणि १,२८० लक्षात ठेवा. ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

दौलताबादहून मालदीवला

चौदाव्या शतकातला प्रवासी इब्न बतूता मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून दिल्लीहून चीनकडे निघाला तेव्हा वाटेत दौलताबादला आला. तिथला किल्ला, मराठी मुलूख, द्राक्षं-डाळिंबं, सगळं त्यानं नोंदवलं. किनाऱ्यावर पोचल्यावर वादळात जहाजं गेली, वकिली बुडाली आणि भटकत तो १३४३ साली मालदीवला पोचला. तिथे तो काझी झाला आणि कवड्यांचा कारभार त्यानं जवळून पाहिला.

मालदीवमध्ये मोजणीची स्वतंत्र मापं होती. शंभराला एक नाव, सातशेला दुसरं, बारा हजारांना कोत्ता आणि लाखाला बुस्तू. एका सोन्याच्या दिनाराला चार बुस्तू असा व्यवहार चाले, म्हणजे चार लाख कवड्या. भाव पडले की हा आकडा दहा-बारा बुस्तूंपर्यंत जाई. दिनारात सोनं साधारण सव्वाचार ग्रॅम. चार लाख कवड्यांचं वजन ४६० किलो, बारा लाखांचं पावणेचौदाशे. बोटाच्या पेरावर मावणाऱ्या नाण्यासाठी टनभर माल. येमेनी खलाशी जहाजाला भार म्हणून तळाशी वाळूऐवजी कवड्या भरतात असंही त्यानं लिहून ठेवलं आहे. उगमाशी कवडीची किंमत वाळूहून जेमतेम थोडी वर होती.

दहा वर्षांनी, १३५२-५३ मध्ये, हाच माणूस सहारा ओलांडून माली आणि गाओला गेला. तिथेही कवड्या चालत होत्या. भाव? दिनाराला १,१५०. वजन एक किलो तीनशे ग्रॅम.

चार लाख विरुद्ध अकराशे पन्नास. साडेतीनशे पटींचा फरक. मालदीवमध्ये भाव अगदी पडलेले धरले तर हजार पटींचा. तोच प्राणी, तेच कवच, तीच चकाकी. बदललं ते फक्त मधलं अंतर, आणि त्या अंतरात जहाज, उंट, वाळवंट, लुटारू आणि जकात असं सगळं आलं. पाचोडच्याच जिल्ह्यातून, दौलताबादहून, पुढे गेलेल्या या एकाच प्रवाशानं कवडीच्या भावाची दोन्ही टोकं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली.

ऐंशी, पंचावन्न, पन्नास

तीनशे वर्षांनी दुसरा प्रवासी आला. झाँ बाप्तिस्त ताव्हेर्निए, फ्रेंच जवाहिऱ्या. सुरतेहून गोवळकोंड्याच्या हिऱ्यांकडे जाताना औरंगाबाद त्याच्या वाटेवर होतं. दहा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य आणि मीठ वाहून नेताना आपण पाहिले, असं तो लिहितो. भाव टिपण्यात तो जवाहिऱ्यालाच शोभेल इतका काटेकोर होता. त्यानं लिहिलंय की समुद्राजवळ पैशाला ८० कवड्या मिळतात, आत जावं तशा कमी होत जातात आणि आग्र्याला ५०-५५ च मिळतात. कारणही तोच देतो: वाहतुकीचा खर्च.

हे ८० लीलावतीतलेच. पणाला ८०, पैशाला ८०. रुपयाचे ६४ पैसे धरले तर रुपयाला ५,१२०. बंगालमध्ये अठराव्या शतकात नेमका हाच दर चालत होता आणि कोष्टकही असंच होतं: ४ कवड्यांचा गंडा, ५ गंड्यांची बुडी, ४ बुड्यांचा पण, १६ पणांचं काहण. काहणाला १,२८० कवड्या, जितक्या भास्कराचार्यांच्या द्रम्माला. चार काहणांचा रुपया. मध्ये सहाशे वर्षं गेली, यादव गेले, सुलतान आले, मोगल आले, कंपनी आली, चांदीचं वजन बदललं, राजांचे छाप बदलले. पण ८० आणि १,२८० ही घडी मोडली नाही.

चांदीचा एक रुपया तोळाभर वजनाचा. त्याचे सुटे मागितले तर कवड्यांत सुमारे सहा किलो. म्हणजे वजनाला वजन धरलं तर चांदी कवडीच्या पाचशे पट महाग. मोठ्या रकमेला कवडी भारी पडायची, पण भाजीच्या जुडीला, मूठभर मिठाला, देवापुढे ठेवायला, याचकाच्या झोळीत टाकायला चांदीचा तुकडा चालत नाही. रुपयाचे पाच हजार तुकडे करून देईल अशी टांकसाळ कुठल्याच राजाकडे नव्हती. ते काम गोगलगायीनं केलं.

सिल्हेटचं कोठार

महसूलच कवड्यांत गोळा करायची वेळ आली की काय होतं, ते रॉबर्ट लिंडसे या कंपनीच्या अधिकाऱ्यानं अनुभवलं. १७७८ साली तो आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटला गेला. जिल्ह्याचा वार्षिक महसूल अडीच लाख रुपये आणि लोकांकडे चलन कवड्यांचं. तिजोरी म्हणून कोठारं बांधावी लागली आणि माल सशस्त्र नावांच्या ताफ्यातून ढाक्याला पाठवावा लागला. हाताळणीतच दहा टक्के तूट येई, असं त्यानं नोंदवलं आहे. वाटेतली चोरी वेगळी.

अडीच लाखांना ५,१२० नं गुणलं की १२८ कोटी होतात. सगळा महसूल कवड्यांत आला असं धरलं तर वजन सुमारे १,४७० टन. पाचोडच्या महामार्गावरून दहा टनांचे ट्रक जातात, तसे १४७ ट्रक. एका जिल्ह्याचा एका वर्षाचा सारा! दहा टक्के तूट म्हणजे त्यातले जवळजवळ पंधरा ट्रक हवेत विरले. आणि कुणी खरंच मोजत बसलं असतं, सेकंदाला पाच कवड्या या वेगानं, तर एका वर्षाचा महसूल मोजून व्हायला आठ वर्षं लागली असती.

म्हणून मोजणारे मोजत नसत, मापानं घेत. मालदीवहून माल नारळाच्या झावळ्यांच्या पिशव्यांतून निघे, पिशवीत बारा हजार. फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच प्रवासी १६०२ साली जहाज फुटून मालदीवला अडकला आणि पाच वर्षं राहिला. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे बायका कमरभर पाण्यात उतरून कवड्या वेचतात आणि एका वर्षात दुसरा कुठलाही माल न घेता फक्त कवड्यांनी भरलेली तीस-चाळीस जहाजं बंगालकडे जाताना आपण पाहिली, असं तो सांगतो.

ओडिशात याच्या उलट झालं: कंपनीनं १८०३ नंतर महसूल चांदीत मागायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या घरात कवड्या, सरकारला हवा रुपया. रुपया घ्यायला जाल तर सावकार ५,१२० वर थांबायला तयार नाही. घरात साठवलेला पैसा सरकारी कागदाच्या एका फटकाऱ्यानं उतरला. १८१७ साली बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली पाइकांचं बंड झालं, त्याच्या कारणांत जमिनी गेल्या, मीठ महागलं, त्याबरोबर हेही एक होतं.

माणसाचा भाव

आता सुरुवातीच्या दहा अब्जांकडे वळू. मालदीव किंवा बंगाल-सिलोनच्या बंदरांतून कवड्या कंपन्यांच्या जहाजांत तळाशी भरून लंडन आणि ॲमस्टरडॅमला जात. तिथे त्यांचा लिलाव होई. मग दुसऱ्या जहाजांतून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, विशेषतः आजच्या बेनिनमधल्या विदा या बंदरात उतरत. मालदीव ते विदा हा सगळा फेरा तीस हजार किलोमीटरच्या वर भरतो. इतका फेरा परवडायचा, कारण परतीच्या वाटेवर जहाजाला भार लागतच होता आणि टोकाला जे विकत मिळत होतं ते म्हणजे माणूस.

कापड, लोखंड, दारू आणि बंदुका यांच्याबरोबर कवड्या हे गुलामांच्या खरेदीचं मुख्य चलन होतं. १६८० च्या दशकात त्या किनाऱ्यावर एका माणसाची किंमत दहा हजार कवड्यांच्या आसपास होती. शंभर वर्षांच्या आत, १७७० च्या दशकात, ती दीड लाखावर गेली. वजनात मांडा. आधी साडेअकरा किलो, मग १७० किलोंच्या वर. म्हणजे शेवटी शेवटी विकल्या जाणाऱ्या माणसाच्या वजनाच्या दुपटीहून अधिक कवच त्याच्या बदल्यात तोलून द्यावं लागत होतं. यात माणसाचं मोल वाढलं म्हणायला जागा नाही. गुलामांची मागणी वाढली हे खरं, पण कवड्यांचा पूर त्याहून मोठा होता.

मालदीवच्या उथळ पाण्यात तांदळाच्या बदल्यात वेचलेली गोगलगाय आणि अटलांटिकपलीकडे उसाच्या मळ्यात राबायला नेलेला माणूस एका हिशेबवहीच्या समोरासमोरच्या बाजूंना आले. वेचणाऱ्या बाईला याची गंधवार्ता नव्हती.

पस्तीस हजार टन

१८०७ मध्ये ब्रिटननं गुलामांचा व्यापार बंद केला. कवड्यांचा ओघ मात्र पुन्हा वाढला, आता पाम तेलासाठी. आणि इथे हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. झांझिबारच्या किनाऱ्यावर कवडीची एक जवळची जात मुबलक मिळते, पाठीवर सोनेरी कड्याची खूण असलेली. ती मालदीवच्या कवडीच्या दुपटीहून जड, पण झांझिबारला मातीमोल. १८४५ च्या सुमारास हर्ट्झ यांच्या पेढीनं ती पश्चिम आफ्रिकेत उतरवली. तिथल्या लोकांनी नाक मुरडत का होईना, घेतली.

मग धरण फुटलं. १८५१ ते १८६९ या एकोणीस वर्षांत सुमारे ३५ हजार टन माल गेला, नगांत चौदा अब्ज. इंग्रज-डचांची नव्वद वर्षांची सरासरी वर्षाला १२७ टन होती. हॅम्बुर्गवाल्यांची वर्षाला अठराशे टनांवर. चौदा पटींहून अधिक.

जर्मन प्रवासी हाइनरिश बार्थ याच काळात उत्तर नायजेरियात फिरत होता. काटसिना-कानोच्या बाजारात कवड्या पाच-पाचच्या पुंज्यांनी मोजतात हे त्यानं पाहिलं आणि पाच लाख कवड्या मोजणं म्हणजे शौर्याचंच काम, असा शेरा मारला. योरुबा भाषेत वीस हजारांची गोणी हे हिशेबाचं एकक झालं. मालदीवच्या कवड्यांची गोणी तेवीस किलोंची, झांझिबारच्या कवड्यांची पन्नास. म्हणजे एका हमालाच्या डोक्यावर एकच एकक. रक्कम नेणाऱ्या हमालाचं जेवण त्याच रकमेतून जायचं. अंतर जास्त असलं की पैसा वाटेतच स्वतःला खाऊन संपायचा. भाव कोसळत गेले, वसाहतींच्या सरकारांनी आयात बंद केली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत ही नाणी व्यवहारातून उठली. घानानं १९६५ मध्ये आपल्या नव्या चलनाला ‘सेडी’ हे कवडीचंच स्थानिक नाव दिलं, तेवढी आठवण उरली.

संग्राहकांनाही हाच धडा मिळाला, फक्त छोट्या आकड्यांत. ‘कोनस ग्लोरिआमारिस’ ही शंकूच्या आकाराची समुद्री गोगलगाय १७७७ साली वर्णन झाल्यापासून पावणेदोनशे वर्षं जगातल्या सगळ्यात दुर्मिळ कवचांपैकी एक मानली जायची. १९५७ पर्यंत दोन डझनांच्या आतच नमुने माहीत होते आणि एकेकासाठी हजारो डॉलर मोजले जात. १९६९ मध्ये सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकॅनालजवळ पाणबुड्यांना तिचं वसतिस्थान सापडलं आणि शंभराहून अधिक नमुने वर आले. भाव बसला. कवडीला पाडायला चोवीस अब्ज लागल्या, तिला शंभर पुरले.

रुपया आणि कवडी

पाचोडच्या बाजारात लिलावाच्या वेळी उभ्या असलेल्या बागायतदाराला हे गणित नव्यानं शिकवायला नको. आवक वाढली की भाव पडतो, लांबच्या बाजारात पोचला तर तोच माल चढ्या भावानं जातो. फरक एवढाच की मोसंबी थांबत नाही, चार दिवसांत मऊ पडते. कवडी थांबू शकते, शंभर वर्षंही. म्हणून ती पैसा झाली, आणि म्हणूनच एकदा फाजील झाली की कमी होण्याचा मार्गच उरला नाही. नासणारा माल आपली चूक आपोआप दुरुस्त करतो, न नासणारा करत नाही.

तुळजापूरच्या वाटेवर मात्र कवडी या सगळ्यातून वेगळीच राहिली. तिथे तिच्यानं काही विकत घ्यायचं नसतं, त्यामुळे तिचा भाव पडायची भीती नाही. माळेत शंभर कवड्या धरल्या तर दहा अब्जांच्या दहा कोटी माळा होतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. म्हणजे आफ्रिकेत उतरलेल्या त्या मालात या राज्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या गळ्यात एक माळ पडली असती, आणि मग गोंधळ्याच्या गळ्यातल्या माळेकडे कुणी वळून पाहिलं नसतं.

शेवटचा हिशेब सगळ्यात छोटा आहे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी रुपयाला ५,१२० कवड्या मिळत. आज पूजासाहित्याच्या दुकानात एका कवडीला काही रुपये मोजावे लागतात. तेव्हाच्या रुपयात तोळाभर चांदी होती, आजच्या नाण्यात पोलाद आहे, हे खरं. पण दोघांना समोरासमोर बसवलं तर एवढ्या काळात रुपया कवडीपुढे पाच हजार पटींहून अधिक घसरला आहे. कवडीला संख्येनं मारलं तेव्हा टांकसाळीवाले हसले होते. नंतर त्याच रस्त्यानं रुपया गेला, आणि एखादी गोष्ट अगदीच स्वस्त मिळाली की आपण अजूनही नाव घेतो ते कवडीचंच.